मलेरिया, लेकराचे हृदय आणि सलाईनची बाटली

पावसाळ्यात आपल्या वस्तीतल्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसले की एक वाक्य हमखास कानावर पडते. आई कडेवरचे तापलेले मूल टेबलावर ठेवते आणि म्हणते, "डॉक्टर, पोरगं पार गळून गेलंय, एक सलाईन लावा." त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. बाटली लावली की अंगात जोर येतो, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तो ताप मलेरियाचा असेल आणि आजार गंभीर झाला असेल, तर भराभर चढवलेली सलाईन मुलाचा जीव वाचवण्याऐवजी घेऊही शकते. भीती घालण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तीन हजारांहून अधिक आजारी मुलांच्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे आली आहे. त्यामागचे कारण कळायचे तर मलेरियात लहान मुलाच्या हृदयावर काय बेतते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

साधा मलेरिया गंभीर कसा होतो?

मलेरिया म्हणजे हिवताप. ॲनॉफिलीस जातीच्या डासाची मादी चावली की तिच्या लाळेतून मलेरियाचे जंतू आपल्या शरीरात येतात. आधी ते यकृतात वाढतात. मग रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात, तिथे वाढतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि नव्या पेशींत घुसतात. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप भरतो.

आपल्याकडे या जंतूंचे दोन प्रकार जास्त दिसतात, व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. व्हायवॅक्सही कधी कधी गंभीर होतो, पण जिवावर बेतण्याचा धोका फाल्सिपेरममध्ये मोठा असतो. लोक त्याला 'मेंदूचा मलेरिया' म्हणतात, पण हा जंतू फक्त मेंदूवर थांबत नाही.

फाल्सिपेरमची खोड अशी की तो ज्या पेशीत वाढतो ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसते. नळाच्या पाइपात गाळ साचला की पाण्याची धार बारीक होते, तसेच इथे होते. मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या की मुलाला झटके येतात, ते बेशुद्ध पडते. इतर अवयवांना प्राणवायू पुरत नाही, त्यामुळे रक्तात आम्ल साठू लागते. तिकडे तांबड्या पेशी फुटत असल्याने रक्त कमी होत जाते. रक्तातली साखरही एकदम खाली येऊ शकते. या सगळ्या गोष्टी एकाच मुलात, एका-दोन दिवसांत घडू शकतात. मोठ्या माणसाला जो आजार आठवडाभर अंथरुणाला खिळवतो, तोच आजार तीन वर्षांच्या मुलाला एका रात्रीत मरणाच्या दारात नेतो.

२०२३ साली जगभरात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मलेरियाने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले. तिथे मरणाऱ्या दर चारांपैकी तीन जण पाच वर्षांखालची मुले होती. म्हणूनच मुलांच्या गंभीर मलेरियाबद्दल आज जे कळले आहे, त्यातले बरेचसे आफ्रिकेतल्या रुग्णालयांमधून आले आहे. ते आपल्यालाही उपयोगी आहे. कारण मुंबईत मलेरिया आहे, आणि गडचिरोलीत तर तो वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर आहे.

हृदय बिघडते की दमते?

मुलाचे हृदय त्याच्या स्वतःच्या मुठीएवढे असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर प्राणवायू लादून तो अंगभर पोहोचवणे, हे त्याचे काम. आता असे समजा की मुलाचे हिमोग्लोबिन १२ वरून ४ वर आले. म्हणजे रक्ताच्या एका फेरीत जेवढा प्राणवायू जायचा, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा जातो.

आपल्या आयाबहिणींना हे चटकन कळेल. हंड्याने पाणी आणायचे तिथे तांब्याने आणायची पाळी आली तर काय होते? खेपा वाढतात. हृदयही खेपा वाढवते. ठोके जलद पडतात, छातीवर हात ठेवला तर धडधड जाणवते. त्यात तापाची भर पडते, कारण ताप चढला की ठोके आणखी वाढतात. तरीही अंगाला प्राणवायू पुरला नाही की हातपाय थंड पडतात आणि मूल मलूल होते.

मलेरियाने मरण पावलेल्या मुलांच्या हृदयातल्या बारीक वाहिन्यांतही जंतू असलेल्या पेशी चिकटलेल्या आढळल्या आहेत. त्यामुळे जंतू हृदय पोखरतात, अशी समजूत होऊ शकते. पण आजारी मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून पाहिल्यावर बहुतेकांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद टिकून असल्याचे दिसले. काही मुलांच्या रक्तात हृदयावर ताण पडल्याच्या खुणा मात्र सापडतात. थोडक्यात, गंभीर मलेरियात मुलाचे हृदय सहसा बिघडलेले नसते. ते कमी रक्तात, आम्ल साठलेल्या शरीरात, जीव तोडून काम करत असते. अशा दमलेल्या हृदयावर आपण आणखी कोणता भार टाकतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

एक चिन्ह इथेच सांगतो, कारण ते नेहमी चुकीचे समजले जाते. गंभीर मलेरियातले मूल खोल आणि जोरजोरात श्वास घेते. घरच्यांना वाटते, छातीत कफ भरला, निमोनिया झाला. निमोनियाही असू शकतो, ते डॉक्टरच ठरवतील. पण मलेरियात हा श्वास पुष्कळदा रक्तात साठलेल्या आम्लामुळे असतो. केनियातील किलिफी येथील डॉक्टरांनी १९९५ साली दाखवून दिले की मलेरियाच्या मुलांत शुद्ध हरपत जाणे आणि श्वासाला त्रास होणे ही जिवाच्या धोक्याची मोठी चिन्हे आहेत. ताप १०२ आहे की १०४, यापेक्षा मूल श्वास कसा घेते आणि ओळख देते की नाही, हे पाहणे जास्त महत्त्वाचे आहे.

तीन देशांतल्या मुलांनी दिलेला धडा

आता सलाईनकडे वळू. हातपाय थंड, नाडी जलद, मूल गळालेले, असे दिसले की शिरेतून भराभर पाणी द्यावे, अशी शिकवण जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत होती. श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांत ती रोज पाळली जात असे. आफ्रिकेतल्या मुलांना त्याचा किती फायदा होतो, हे पाहण्यासाठी केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे नाव 'फीस्ट'. प्रमुख होत्या किलिफी येथे काम करणाऱ्या डॉ. कॅथरीन मेटलँड.

गंभीर ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली ३,१४१ मुले यात होती. त्यातल्या निम्म्याहून अधिक, ५७ टक्के मुलांना मलेरिया होता. मुलांचे तीन गट केले. एका गटाला साधी सलाईन भराभर दिली. दुसऱ्याला अल्ब्युमिन नावाचे द्रावण भराभर दिले. तिसऱ्या गटाला असे काही भराभर दिले नाही, फक्त नेहमीच्या बेताने पाणी दिले. जंतूंवरची औषधे, गरज असेल तर रक्त, बाकीची देखभाल तिन्ही गटांना सारखीच मिळाली.

संशोधकांना वाटत होते, भराभर पाणी मिळालेली मुले जास्त वाचतील. झाले उलट. पहिल्या ४८ तासांत सलाईनच्या गटात १०.५ टक्के आणि अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के मुले दगावली. ज्यांना भराभर पाणी दिले नाही, त्यांच्यात ७.३ टक्के. म्हणजे दर शंभर मुलांमागे साधारण तीन मुले जास्त गेली. हे लक्षात येताच देखरेख समितीने ठरल्या वेळेआधीच अभ्यास थांबवला. मे २०११ मध्ये निकाल जगापुढे आला तेव्हा डॉक्टरांनाही धक्का बसला.

मुले कशाने गेली? पाणी फुप्फुसात भरले असेल, मेंदूला सूज आली असेल, असा आधी अंदाज होता. २०१३ साली प्रत्येक मृत्यूची बारकाईने छाननी झाली. तेव्हा दिसले की वाढलेल्या मृत्यूंमागे मुख्यतः हृदय आणि रक्ताभिसरण कोसळणे हे कारण होते. जिवाच्या आकांताने खेपा घालणाऱ्या हृदयाला अचानक आलेला तो भार पेलला नाही.

म्हणजे सलाईन वाईट का?

नाही. हे नीट वाचा, कारण अर्धवट समजले तर उलटा अनर्थ होईल.

जुलाब-उलट्यांनी मुलाच्या अंगातले पाणी निघून गेले असेल तर ओआरएस आणि गरज पडल्यास सलाईन हेच जीव वाचवते. हगवणीची मुले 'फीस्ट'मध्ये घेतलीच नव्हती. मोठ्या रुग्णालयात मलेरियाच्या मुलाला औषध, साखर किंवा बेताचे पाणी देण्यासाठी बाटली लावली असेल तर ती काढायला लावू नका. तिथे वजन पाहून, मोजून, हळूहळू दिले जाते आणि लक्ष ठेवले जाते.

धोका कुठे आहे? मुलाचे रक्त न तपासता, नाडी न मोजता, गल्लीतल्या दवाखान्यात 'ताकदीची' बाटली अर्ध्या तासात रिकामी करण्यात. त्यात दुहेरी नुकसान आहे. हृदयावर भार पडतो तो वेगळाच. शिवाय सलाईनमध्ये मलेरियाचा एकही जंतू मारण्याची ताकद नसते. बाटली संपेपर्यंत आईला वाटते उपचार चालू आहेत, आणि आत जंतू पेशी फोडत राहतात. म्हणून दवाखान्यात गेल्यावर 'सलाईन लावा' असे म्हणू नका. 'मलेरियासाठी रक्त तपासा' असे म्हणा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर किंवा किटवर ही तपासणी होते. किटचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत कळतो. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. मलेरियाच्या भागात आशाताईंकडेही किट असते.

औषधांचा हृदयाशी संबंध

मलेरियाची काही जुनी औषधे हृदयाच्या बाबतीत जपून वापरावी लागतात. क्विनाइन शिरेतून भराभर दिले तर रक्तदाब कोसळतो, ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून ते काही तास लावून थेंबाथेंबाने द्यायचे असते. त्याने रक्तातली साखरही उतरते. क्लोरोक्विनचे इंजेक्शन शिरेत झपकन दिले तर हृदय बंद पडू शकते. क्लोरोक्विनच्या गोळ्या व्हायवॅक्ससाठी आजही वापरतात आणि योग्य मात्रेत त्या चालतात. पण बिनडिग्रीच्या माणसाकडून 'मलेरियाचे इंजेक्शन' कधीही घेऊ नका.

गंभीर मलेरियासाठी आज पहिले औषध आहे आर्टेसुनेट. २०१० साली आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५,४२५ मुलांवर त्याची क्विनाइनशी तुलना झाली. क्विनाइनच्या गटात १०.९ टक्के मुले दगावली, आर्टेसुनेटच्या गटात ८.५ टक्के. ते देणे सोपे आहे आणि क्विनाइनसारखे तासन्‌तास थेंबाथेंबाने द्यावे लागत नाही. आपल्या देशाच्या सरकारी उपचारपद्धतीतही गंभीर मलेरियासाठी ते आहे. मूल शुद्धीवर येऊन गिळू लागले की तोंडाने गोळ्यांचा पूर्ण कोर्स द्यावाच लागतो. ताप उतरला म्हणून तो मध्येच सोडू नका.

कोर्समध्ये प्रायमाक्विन नावाची गोळीही असते. जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असलेल्या मुलांत या गोळीने रक्तपेशी फुटतात. एक वर्षाखालच्या बाळाला आणि गरोदर बाईला ती देत नाहीत. गोळी चालू असताना लघवी काळपट-लाल झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

विदर्भात आदिवासींप्रमाणे आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून हे वेगळे सांगतो. सिकलसेल आणि मलेरिया यांचे नाते जुने आहे. १९५४ साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की ज्यांच्यात सिकलसेलचा एकच दोष असतो, म्हणजे जे 'वाहक' (एएस) असतात, त्यांना फाल्सिपेरमपासून काही संरक्षण मिळते. पण वाहकाला मलेरिया होतच नाही, असे मुळीच नाही.

ज्या मुलाला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार (एसएस) आहे, त्याची गोष्ट अगदी उलटी. त्याचे रक्त आधीच कमी असते आणि हृदय वर्षानुवर्षे जादा खेपा घालत असते. अशा मुलाला मलेरिया झाला तर रक्त झपाट्याने उतरते, दुखण्याचा झटका येतो आणि हृदयाला सावरायला जागाच उरत नाही. अशा मुलाला ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा आणि सिकलसेलचे कार्ड डॉक्टरांना आधी दाखवा. घरातल्या कुणाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

ही चिन्हे दिसली की थांबू नका

ताप असलेल्या मुलात यातले एकही चिन्ह दिसले तर गल्लीतला दवाखाना सोडून सरळ मोठे रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा.

* मूल सुस्त पडले आहे, हाक मारली तरी नीट बघत नाही, बसता येत होते ते बसू शकत नाही.
* झटके आले.
* खोल, जोरजोरात किंवा फार जलद श्वास चालू आहे, बरगड्या आत ओढल्या जात आहेत.
* तळहात, ओठ, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक दिसते. आपला तळहात मुलाच्या तळहाताशेजारी धरून पाहा.
* अंग तापलेले, पण हातपाय थंडगार.
* दूध ओढत नाही, पाणी पीत नाही, घेतलेले सगळे उलटून टाकते.
* डोळे पिवळे झाले, लघवी काळपट झाली किंवा फारच कमी होते.

वाटेत काय करायचे? मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर अंगावर पाजत राहा. साखर उतरू नये म्हणून २०० मिली पाण्यात चार सपाट चहाचे चमचे साखर विरघळवून त्यातले थोडेथोडे पाणी पाजा. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नका, चमचाही नाही आणि कांदाही नाही. त्याला कुशीवर झोपवा. आधी कुठे काय औषध, किती बाटल्या, कोणते इंजेक्शन दिले त्याची चिठ्ठी बरोबर न्या. चिठ्ठी नसेल तर रिकामी पाकिटे न्या. बाबा-भगताकडे जाण्यात एक रात्र घालवली तर ती रात्र परत मिळत नाही.

रुग्णालयात रक्त चढवायला सांगितले तर घाबरू नका. हिमोग्लोबिन फार उतरले असेल तर तेच हृदयाचा भार हलका करते. तांब्याच्या जागी पुन्हा हंडा येतो. चढवताना मुलाला धाप वाढली, अंगावर पुरळ उठले, थंडी वाजू लागली तर लगेच सिस्टरना हाक मारा.

घरी आल्यावर

मलेरियातून उठलेल्या मुलाचे हृदय कायमचे अधू झाले का, हा प्रश्न आई-वडिलांच्या मनात राहतो. जंतू मेले आणि रक्त भरून आले की हृदयाचा ताण उतरतो. मलेरियामुळे झडपा खराब होत नाहीत. झडपा खराब करणारा ताप वेगळा. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि मोठे सांधे एकामागून एक सुजतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो जास्त दिसतो. त्याची शंका आली तर हृदयाची तपासणी करायलाच हवी. दोन्ही तापांची गल्लत करू नका.

मलेरियानंतर महिनाभर मात्र सावध राहायचे. आर्टेसुनेट घेतलेल्या काही मुलांत आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तांबड्या पेशी फुटतात. मूल परत पांढरे पडले, लवकर दमू लागले, लघवी काळपट झाली तर डॉक्टरांना दाखवा. घरी येताना हिमोग्लोबिन पुन्हा कधी तपासायचे, ही तारीख कागदावर लिहूनच घ्या. पालेभाजी, कडधान्ये, अंडी, परवडेल तसे मांस-मासे द्या. लोहाचे औषध डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करा.

डासाला जागा देऊ नका

शहरात मलेरियाचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. उघडी टाकी, विहीर, बांधकामावरचे डबके, आठवडाभर न रिकामा झालेला पिंप ही त्याची घरे. गडचिरोलीसारख्या भागात ओढे, नाले आणि भातखाचरे. पिंपाला घट्ट झाकण लावा, आठवड्यातून एकदा ते रिकामे करून घासून कोरडे करा. हा डास रात्री चावतो, म्हणून लहान मुले, गरोदर बाया आणि सिकलसेलचे रुग्ण यांना आधी मच्छरदाणीत झोपवा. एका घराने झाकण लावून भागत नाही. रविवारी विहारात जमता तेव्हा तरुणांनी तासभर काढून वस्तीतल्या टाक्या आणि पिंप पाहून घ्यावेत.

वस्तीत सगळ्यांनाच वाचता येते असे नाही. म्हणून हे पान शेजारच्या घरातही वाचून दाखवा. पुढच्या पावसाळ्यात दवाखान्यात एखादी आई सलाईन मागण्याआधी "माझ्या लेकराचं रक्त तपासा" असे म्हणाली, तर आमचे लिहिणे कामी आले असे आम्ही समजू.